अ‍ॅम्बॅसॅडरचं मागचं ऑइल : सील शोधू नका, इंजिन मोजा

गडहिंग्लजचे एक निवृत्त गुरुजी त्यांची १९७८ची मार्क थ्री घेऊन उद्यमनगरात माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत वेगवेगळ्या मापांची ऑइल सीलं होती. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) तळाच्या भोकातून ऑइल ठिबकत होतं आणि ते दुकानोदुकानी ‘मागचं सील’ मागत फिरले होते. त्यातलं एकही बसणार नव्हतं. १४८९ सीसीच्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन म्हणजे ब्रिटनच्या बीएमसी या मोटार कंपनीचं बी-सिरीज इंजिन, आणि त्याच्या क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) मागच्या टोकाला रबरी सील मुळातच नाही.

तिथं काय आहे ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे. मागच्या मेन बेअरिंगच्या (क्रँक ज्यांवर फिरतो ती बेअरिंगं) पलीकडे क्रँकवर ऑइल फेकणारी कड आहे आणि तिच्या मागे स्क्रूसारखे आटे कापलेले आहेत. हे आटे भोवतीच्या धातूला चिकटत नाहीत, मध्ये थोड्या थाऊंची फट असते. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या इंजिनाची सगळी मापं इंचात आहेत, मीही इंचातच बोलतो.) क्रँक फिरला की आटे ऑइलला पुन्हा आत ढकलतात आणि ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पडतं. इंजिन बंद असताना आटे काहीच करत नाहीत. म्हणून गाडी उभी केल्यावर चार थेंब पडले तर त्यासाठी इंजिन उतरवू नका.

धार लागली तर मात्र कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. मेन बेअरिंग झिजून क्रँक मधोमध राहिलेला नाही, किंवा पिस्टनच्या रिंगा थकल्यामुळे चेंबरमध्ये दाब वाढून ऑइल बाहेर ढकललं जातंय. दुसऱ्या प्रकाराला गॅरेजात बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. भक भक करत धूर आला तर उत्तर मिळालं.

त्याआधी ऑइल खरंच मागून येतंय का, ते बघा. रॉकर कव्हरचं गॅस्केट, मॅनिफोल्डखाली दडलेलं मागचं टॅपेट कव्हर आणि इंजिनाच्या बॅकप्लेटचं गॅस्केट, या तिन्ही ठिकाणचं ऑइल ओघळत बेल हाउसिंगपाशीच येतं. इंजिन रॉकेलनं ब्रश मारून धुवा, वाळवा, खडूची पूड फासा आणि पाच-दहा किलोमीटर गाडी फिरवा. पुडीवर ओला पट्टा जिथून सुरू होतो ती जागा खरी. टॅपेट कव्हरवरचा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) आणि त्याचा पाइपही उघडून बघा. काजळीनं तो बुजला असेल तर चांगल्या इंजिनाचंही ऑइल मागून येतं. ब्रीदर साफ करायला फक्त रॉकेल आणि तास-दीड तास लागतो, आणि कितीतरी गाड्या तेवढ्यानंच थांबतात.

बदलता येण्यासारखं सील पुढे, टायमिंग कव्हरमध्ये आहे. रेडिएटर काढा, फॅन बेल्ट काढा, हँडल लावायच्या डॉग नटाचं लॉक वॉशर सरळ करा आणि नट सोडवा. पुली पुलरनंच खेचा. पहारीनं उचकटलीत तर पुलीची कड वाकते आणि बेल्ट कायमचा लचकतो. आता पुलीच्या नळीवर, सील जिथं घासतं तिथं, नख फिरवा. नख अडकलं तर तिथं चर पडलीय आणि नवं सील फार टिकणार नाही. हलकी चर असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवत मारा, लांबीच्या दिशेनं कधीही नाही, कारण लांबीतला ओरखडा म्हणजे ऑइलला रस्ता. खोल चर असेल तर लेथवाल्याकडून बारीक स्लीव्ह बसवून घ्या.

सील घेताना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तिन्ही मापं जुन्यावरून घ्या. साधं नायट्रिल रबर इथं पुरतं, महागड्या व्हायटनची गरज नाही. स्प्रिंग असलेली बाजू आत, ऑइलकडे. ओठाला ऑइल लावल्याशिवाय बसवू नका, सुकं सील पहिल्याच मिनिटाला जळतं. क्रँकवरची ऑइल थ्रोअरची चकती काढण्यापूर्वी तिची दिशा टिपून ठेवा. तिची खोलगट बाजू इंजिनापासून बाहेर येते. कव्हर नुसतं बोटानं घट्ट करा, पुली सीलमधून सरकवून जागेवर बसवा आणि मगच कव्हरचे बोल्ट आवळा. पुलीच सीलला मधोमध आणते. घाईत बोल्ट आधी आवळले जातात, मग नवं सील एका बाजूनं गळतं आणि दोष मालाला दिला जातो.

बॅक कॉम्प्रेशन निघालं तर इंजिन खोलावंच लागेल. आधी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब, घ्या. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरचा (बोअर म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा.

खोलताना प्रत्येक बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) आणि मेन कॅपवर नंबर आणि दिशा पंच करा. कॅपा एकमेकींत बदलल्या तर बेअरिंगच्या भोकाचा गोलपणा जातो. मागची मेन कॅप घट्ट बसलेली असते, ती ठोकून नव्हे, खेचून काढा. आट्यांच्या फटीची अर्धी बाजू तिच्यातच आहे.

मग मोजमाप. अंदाजानं इंजिन बांधू नका, कितीही अनुभव असो. बोअर मूळ २.८७५ इंच, स्ट्रोक ३.५ इंच. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना मोजा. सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगच्या जागी सापडते. झीज जास्त असेल तर बोअरिंग करून वीस किंवा चाळीस थाऊ ओव्हरसाइज पिस्टन. पण पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. बोअर पिस्टनच्या मापावर करायचा, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही. नवी रिंग बोअरमध्ये ढकलून फिलर गेजनं गॅप बघा, नऊ ते बारा थाऊ ठीक.

क्रँक ग्राइंडिंगला देताना लेथवाल्याला बजावून सांगा की मागच्या आट्यांना हात लावायचा नाही. चकचकीत दिसावं म्हणून तिथं पॉलिश मारलं की फट वाढते आणि ती परत भरून येत नाही. एमजी गाड्यांच्या याच घराण्यातल्या इंजिनांसाठी इंग्लंडात मागे रबरी सील बसवायचे किट मिळतात. पण बेअरिंग आणि रिंगा नीट असतील तर मूळचे आटे पुरेसं काम करतात, असं माझं ठाम मत आहे. खर्च करायचा तर तो बेअरिंगवर करा.

मशिनिंग होऊन आलं की ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे (ऑइल वाहायच्या आतल्या वाटा) प्लग काढा आणि आत ब्रश घालून धुवा. क्रँकची भोकंसुद्धा. बोअर गरम पाणी आणि साबणानं घासा, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. नुसत्या पेट्रोलनं होनिंगची (बोअर दगडानं घासून घेताना उरलेली) कणी निघत नाही. नव्यानं बांधलेलं इंजिन लवकर बिघडलं तर मी पहिला संशय या धुण्यावर घेतो.

मधल्या मेनच्या दोन्ही अंगांना थ्रस्ट वॉशर असतात, त्यांच्या ऑइलच्या खाचा क्रँककडे तोंड करून हव्यात. आवळायचा जोर (टॉर्क) : मेन कॅप ७० फूट-पौंड, बिगएंड ३५. एकेक कॅप आवळल्यावर क्रँक हातानं फिरवून बघा. जिथं जड झाला तिथंच थांबा, पुढची कॅप आवळून उपयोग नाही. टायमिंगच्या दोन चक्रांवरच्या टिकल्या समोरासमोर आणा. चेंबरच्या पुढच्या-मागच्या कॉर्कच्या पट्ट्या किंचित वर राहू द्या, आवळल्यावर त्या दबून कोपरे बंद करतात. कॉर्क चिरडेपर्यंत मात्र आवळू नका.

टॅपेटची फट लावताना नऊची बेरीज लक्षात ठेवा : दबलेला व्हॉल्व्ह आणि लावायचा व्हॉल्व्ह, दोघांचे नंबर मिळून नऊ. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना पहिला लावा, सातवा दबलेला असताना दुसरा, असं पुढे.

२०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा. स्पार्क प्लग काढून ठेवून स्टार्टर मारा आणि ऑइल प्रेशरचा काटा उठल्यावरच प्लग लावून इंजिन चालू करा. पहिले पाचशे किलोमीटर टॉप गिअरमध्ये जोर देऊ नका, पण एकाच वेगानं रेंगाळतही नेऊ नका. रिंगा बसायला चढ-उतार लागतो. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला, हेड पुन्हा आवळा, टॅपेट तपासा. मग एकदा ऑइल भरायचं झाकण काढून धूर बघा.