क्रूझचं खासगी बेट कसं निवडावं: पुण्याहून निघणाऱ्या कुटुंबांसाठी

क्रूझ कंपन्या आपल्या प्रवाशांना सहलीतला एक दिवस स्वतःच्या ताब्यातल्या खासगी बेटावर नेतात. बहुतेक जण आधी जहाज ठरवतात आणि बेट त्याच्याबरोबर येईल तसं स्वीकारतात. हा क्रम उलटा करा. आपल्यातल्या सगळ्यांत कमी चालणाऱ्या माणसाला आणि खाण्याचे सगळ्यांत कडक नियम पाळणाऱ्या माणसाला कोणतं बेट झेपेल, हे आधी बघा. त्या बेटावर जाणारं जहाज नंतर शोधा. घसरगुंडीची उंची किंवा पाण्याचा निळा रंग पाहून निवड केली, तर आजी-आजोबा सकाळभर सावली शोधत फिरतात आणि दुपारी ताटात फक्त पाव आणि फ्रेंच फ्राइज उरतात.

ही बेटं बहुतांशी बहामाजमध्ये आहेत आणि तिथली जहाजं मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हरल अशा फ्लोरिडाच्या बंदरांतून सुटतात. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं जहाज सिंगापूरहून घेतलं, तर तिचं बहामाजमधलं कोकोके हे बेट त्या सहलीत नसतं. कंपनी तीच असली तरी समुद्र वेगळा आहे. एजंटकडून दिवसवार मार्ग लेखी मागा आणि त्यात बेटाचं नाव स्वतः वाचा.

'खासगी' म्हणजे कंपनीच्या ताब्यातलं, एवढंच. तिथे शांतता मिळेलच असं नाही. 'बेट' हा शब्दही सगळीकडे खरा नसतो. प्रिन्सेस कंपनीचं प्रिन्सेस केज आणि डिस्नीचं लुकआउट के हे दोन्ही एल्यूथेरा या मोठ्या बेटाचे किनारे आहेत आणि कार्निव्हलचं सेलिब्रेशन की ग्रँड बहामा या मोठ्या बेटावर आहे. त्यानं मजा कमी होत नाही. मात्र बहामाजचं खरं गाव, बाजार, लोकजीवन पाहायचं असेल, तर ज्या मार्गावर नासाउ ही बहामाजची राजधानीसुद्धा आहे तो घ्या. खासगी बेटावर ते दिसणार नाही.

धक्का की छोटी बोट

एजंटला पहिला प्रश्न हा विचारा. जहाज धक्क्याला लागत असेल तर उतरायचं आणि चालू लागायचं. दुपारी औषध, डुलकी किंवा जेवणासाठी परत खोलीत येता येतं. धक्का नसेल तर जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. लाटा असल्या की ही बोट वरखाली होते आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जड जातं. व्हीलचेअर असेल तर त्या दिवशीच्या लाटा पाहून कर्मचारी नकारही देऊ शकतात. शिवाय जाता-येता रांग लागते, ती वेगळीच.

कोकोके, डिस्नीचं कॅस्टअवे के, एमएससी या क्रूझ कंपनीचं ओशन के आणि सेलिब्रेशन की इथे धक्का आहे. प्रिन्सेस केजला टेंडर लागते. हाफ मून के या बहामाजमधल्याच खासगी बेटाला वर्षानुवर्षं टेंडरच होती, आता तिथे धक्क्याचं काम हाती घेतलं आहे. म्हणून तुमच्या तारखेला कशानं उतरवणार, हे विचारून घ्या.

कोणतं बेट कुणासाठी

कोकोके हे मे २०१९ मध्ये नव्या रूपात उघडलं. तिथे काय फुकट आणि काय विकत, हे समजलं की बाकीच्या बेटांचा हिशोबही सोपा जातो. समुद्रकिनारा, गोड्या पाण्याचा मोठा ओअॅसिस लगून तलाव, खुर्च्या, छत्र्या, लहान मुलांच्या पाण्याच्या खेळाची एक जागा, ट्राम आणि साधं जेवण हे सगळं भाड्यात येतं. वॉटरपार्क, झिपलाइन, माणसांना उंच नेणारा हेलियमचा फुगा, कबाना (भाड्यानं मिळणारा सावलीचा आडोसा), कोको बीच क्लब आणि फक्त प्रौढांसाठीचा हायडअवे बीच यांचे पैसे वेगळे. वॉटरपार्कचा दर तारखेनुसार बदलतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर आधीच घेऊन ठेवा आणि दर उतरला तर रद्द करून पुन्हा घ्या. जहाज सुटण्याआधी हे करता येतं. जहाजावर चढल्यावर बहुधा महागच पडतं.

वॉटरपार्कचं तिकीट काढण्याआधी घरी दाराच्या चौकटीला उभं करून मुलांची उंची मोजा. मोठ्या घसरगुंड्यांना ४८ इंच म्हणजे सुमारे १२२ सेंटीमीटर लागतात. ४६ इंचांच्या मुलासाठी पूर्ण पैसे भरले तर ते मूल खाली उभं राहून बघत बसतं. कपड्यांचंही तसंच आहे. सुती कुर्ता, जीन्स, धातूची चेन किंवा बटण असलेली चड्डी घालून घसरगुंडीवर सोडत नाहीत. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा आणि पायांचा नायलॉन किंवा लायक्राचा पोहण्याचा पोशाख घ्या.

कोकोकेची खरी अडचण म्हणजे गर्दी. धक्क्याला एका वेळी दोन जहाजं लागतात. आयकॉन ऑफ द सीजसारखं एकटं जहाज प्रत्येक खोलीत दोघे धरले तरी ५,६१० प्रवासी आणतं. बंदराचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. त्या दिवशी दुसरं कोणतं जहाज आहे ते पाहा आणि शक्य असेल तर एकच जहाज असलेली तारीख निवडा.

कॅस्टअवे के याच्या उलट आहे. तिथे एका वेळी डिस्नीचं एकच जहाज लागतं. दुपारचं जेवण आणि शीतपेयं भाड्यात असतात, ट्राम आहे, सेरेनिटी बे हा १८ वर्षांवरच्यांचा किनारा वेगळा ठेवलेला आहे. डिस्नीचं भाडंच मुळात जास्त असतं. पण तीन पिढ्या एकत्र जात असतील आणि खर्च झेपत असेल, तर आमचं मत या बेटाला.

ओशन के आधी वाळू उपसण्याची औद्योगिक जागा होती. ती साफ करून २०१९ मध्ये बेट उघडलं. तिथे वॉटरपार्क नाही आणि ज्यांना नुसतं पाण्यात डुंबायचं आहे त्यांना ते उलट बरंच वाटेल. अनेक सहलींत जहाज रात्रीपर्यंत थांबतं. त्यामुळे ऊन टाळून दुपारी चारनंतर उतरता येतं, हा मोठा फायदा. झाडं नंतर लावलेली असल्यानं नैसर्गिक सावली बेताचीच आहे, छत्रीची सोय आधी करा.

नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीचं ग्रेट स्टिरप के हे १९७७ मध्ये कंपनीनं घेतलं. क्रूझ कंपनीनं स्वतःचं बेट घेण्याची सुरुवात तिथून झाली. पण याच कंपनीचं बेलीझमधलं हार्वेस्ट के घेताना सावध राहा, तिथे जेवण विकतचं आहे. जुलै २०२५ मध्ये उघडलेल्या सेलिब्रेशन कीवर माणशी एक जेवण भाड्यात येतं, पुढचं विकत. जहाजावर घेतलेलं पेयांचं पॅकेज किनाऱ्यावर चालेल का, याचे नियमही कंपनीगणिक वेगळे आहेत आणि ते बदलत असतात. हा प्रश्न 'बेटावर' हा शब्द घालूनच विचारा.

शाकाहारी आणि जैन जेवण

बेटावरचं जेवण म्हणजे प्रामुख्यानं बार्बेक्यू: बर्गर, चिकन, हॉटडॉग, सॅलड, फळं, फ्राइज. भाज्यांचा बर्गर मागितल्यावर मिळतो, पण तो त्याच तव्यावर भाजला जाऊ शकतो. जहाजावरच्या भारतीय स्वयंपाक्यांचं वरण-भात तिथे येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

उपाय असा. बुकिंग करतानाच कंपनीकडे शाकाहारी किंवा जैन अशी लेखी नोंद करा. जहाजावर पहिल्याच रात्री भोजनकक्षाच्या प्रमुखाला भेटा आणि बेटाच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण द्या. सकाळी जहाजावर पोटभर नाश्ता करा. धक्का असेल तर दुपारी सरळ जहाजावर परत या. बुफे सुरू असतो आणि तेव्हा तिथे गर्दीही नसते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी हाच खात्रीचा मार्ग, आणि म्हणूनच अशा कुटुंबांनी टेंडरची बेटं टाळावीत.

घरचे थेपले, पोळी-भाजी, डब्यातला चिवडा जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटं, म्हणजे बाकरवडी, खाकरा, बिस्किटं, साधारण चालतात. बेटावर उतरतानाही न फोडलेलंच पाकीट न्या. फळ मात्र जहाजावरून खाली नेऊ नका.

सुट्टी आणि हवामान

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. पुण्यातल्या शाळांच्या सुट्ट्यांशी ताडून पाहिलं, तर एप्रिलचा शेवट आणि मे महिना उत्तम. दिवाळीची सुट्टी हंगामाच्या शेपटाला येते. नाताळात वादळ नसतं, पण उत्तरेकडून थंड वारा सुटतो. तेव्हा पाणी गार लागतं आणि धक्का असला तरी जहाज लावणं धोक्याचं ठरून बेट रद्द होऊ शकतं. हा निर्णय कप्तानाचा असतो. अशा वेळी भाडं परत मिळत नाही. बंदर शुल्क आणि कंपनीकडून घेतलेली बेटावरची तिकिटं यांचेच पैसे मिळतात. म्हणून केवळ बेटासाठी तीन रात्रींची सहल डिसेंबर-जानेवारीत घेऊ नये. दोनदा बेटावर थांबणारा मार्ग मिळाला तर तो घ्या.

निघण्याआधी

अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, कारण बेटावरून फ्लोरिडाला परतणं हा नव्यानं प्रवेश धरला जातो. पुणेकरांची मुलाखत मुंबईच्या बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात असते. आधी व्हिसा आणि मगच परत न मिळणारे पैसे, हा क्रम मोडू नका. मार्गातल्या प्रत्येक देशासाठी भारतीय पासपोर्टवर काय लागतं, ते क्रूझ कंपनीकडून ईमेलवर घ्या. विमान जहाजाच्या किमान एक दिवस आधी पोचणारं हवं. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

खर्च जहाजाच्या कार्डावर चढतो आणि शेवटी क्रेडिट कार्डातून जातो. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड जोडलं तर रक्कम अडकून राहू शकते. स्थानिक विक्रेत्यांसाठी थोडे सुटे अमेरिकी डॉलर ठेवा. बहामाजचा डॉलर त्याच्याच बरोबरीचा आहे आणि दोन्ही चालतात. अमेरिकेसाठी घेतलेलं रोमिंग बहामाजमध्ये चालेलच असं नाही, म्हणून जहाज निघाल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाका. प्रवास विम्यात तातडीनं हलवण्याचा खर्च आहे का, तेही पाहा. बेटावर फक्त प्रथमोपचार मिळतात.

बेटावरचा दिवस

साडेआठपर्यंत खाली उतरा. दहानंतर सावलीतल्या खुर्च्या उरत नाहीत. टॉवेल जहाजावरून घ्यायचा, पाण्याची बाटली भरून न्यायची, पायात रबरी बूट घालायचे, कारण वाळू तापते. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा समज चुकीचा आहे. पाण्यात तासभर राहिलं तरी खांदे सोलतात. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि जीवरक्षक असलेल्या भागातच राहा.

परतीची वेळ जहाजाच्या घड्याळानुसार असते. शेवटच्या तासात सुरक्षा तपासणीची रांग उन्हात लांबते, त्यामुळे वृद्धांना तीनच्या आत परत आणा. टॉवेल मोजून परत द्या, हरवलेल्या प्रत्येकाचे पैसे खात्यावर चढतात.