अंगणातला आवळा आणि बरणीतला खार

सोलापुरात घराशेजारी एखादेच फळझाड लावण्यापुरती जागा असेल, तर आवळ्याचा विचार आधी करावा. चुनखडीची जमीन, चाळिशी ओलांडणारा उन्हाळा आणि बेभरवशाचा पाऊस हे सारे हे झाड निभावून नेते. त्याला सोसत नाही ते मुळाशी तुंबलेले पाणी. त्यामुळे खोल काळ्या जमिनीत रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. पाऊस सुरू झाल्यावर सुमारे तीन फुटांच्या खड्ड्यात कुजलेले शेणखत व माती भरून डोळा भरलेले कलम (म्हणजे एका रोपावर हव्या त्या जातीचा डोळा बसवून तयार केलेले रोप) लावावे आणि जोड मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी. पहिले दोन-तीन उन्हाळे आळ्यात पाणी द्यावे व त्यावर उसाचे पाचट पसरावे. आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही.

एकच झाड लावून फळांची वाट पाहणारे बहुधा निराश होतात, कारण आवळ्याला स्वतःच्याच जातीच्या परागाने फळ नीट धरत नाही. कृष्णा, कांचन, चकैया, एनए-७ यांपैकी दोन वेगळ्या जाती जवळपास असाव्यात. दुसरे झाड शेजाऱ्याच्या अंगणात असले तरी चालते. फुलोरा वसंतात येतो, पण धरलेले फळ उन्हाळाभर सुप्तावस्थेत राहते आणि पावसाळ्यातच वाढू लागते. म्हणून मे महिन्यात फांद्या रिकाम्या दिसल्या, तरी झाडाला वांझ ठरवून कुऱ्हाड लावण्याची घाई करू नये. खोडावर भुश्याची जाळी दिसल्यास ती साल खाणाऱ्या अळीची खूण समजावी. जाळी झाडून छिद्रात तार घालून अळी मारावी. फांद्या ठिसूळ असल्याने लगडलेल्या फांदीला टेकू द्यावा.

जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बाजारात आवळा मुबलक असतो आणि घरचाही तोडून उरतो. मोरावळा सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते मात्र ताज्या फळाचा खरा मान खारात राखला जातो. एक किलो टणक, न डागाळलेले आवळे धुऊन पूर्ण कोरडे करावेत व प्रत्येकाला काट्याने चार-पाच ठिकाणी टोचावे. सव्वा लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ व अर्धा चमचा हळद घालून उकळावे आणि पाणी पूर्ण गार झाल्यावरच चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत आवळ्यांवर ओतावे. लोखंडी भांडे मुळीच वापरू नये, कारण आवळ्यातील तुरट द्रव्याने खार काळा पडतो. फळे पाण्याखाली बुडून राहावीत म्हणून वर स्वच्छ वाटी पालथी ठेवावी. आठ-दहा दिवसांत हिरवट रंग जाऊन आवळा पिवळसर, किंचित पारदर्शक होतो आणि दाबल्यावर त्याच्या पाकळ्या बियांपासून सुटतात. त्या चिरून, वर मोहरी-हिंगाची फोडणी घालून कडक भाकरी व शेंगाचटणीबरोबर वाढाव्यात. आवळे काढताना चमचा कोरडाच असावा. खारावर केसाळ बुरशी दिसल्यास वरवर काढून न टाकता सगळी बरणी रिकामी करावी.