पाण्याचा ताळेबंद मांडताय? मग या चुका टाळा

अटल भूजल योजनेपासून अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतींवर पाण्याचा ताळेबंद रंगवलेला दिसतो. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक नाहीतर तूट. एप्रिल उजाडला की त्याच भिंतीसमोर टँकर उभा राहतो आणि भिंतीवर मात्र 'शिल्लक' असते. असे होते, कारण जमेची बाजू सगळे हौसेने मोजतात आणि खर्चाची बाजू कोणाला दुखवायला नको म्हणून अंदाजाने भरतात. पण जमेतही चुका कमी नसतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

पाऊस मंडळाचा, ताळेबंद गावाचा

महसूल मंडळाच्या केंद्रावर ६० मिलिमीटर नोंदले म्हणून आपल्या शिवारात तेवढा पडला असे नाही. वळवाचा आणि परतीचा पाऊस तर ओढ्याच्या एका काठाला झोडपतो, दुसऱ्या काठाला नुसती धूळ बसते. गावात स्वतःचे पर्जन्यमापक हवे. ते पत्र्याच्या पागोळीखाली किंवा लिंबाच्या झाडाजवळ ठेवू नका. जवळच्या घराची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि तो आकडा त्याच दिवसाच्या तारखेला लिहा. कोणी आदल्या तारखेला लिहितो, कोणी त्या दिवसाच्या, आणि महिन्याअखेरीस मंडळाच्या नोंदीशी ताडून पाहायला बसले की घोळ होतो.

टीसीएम आणि टीएमसी

हसू येईल, पण ही गल्लत सभेत सर्रास होते. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका टीएमसीत २८ हजारांहून जास्त टीसीएम बसतात. धरणाच्या बातम्या टीएमसीत असतात, गावाचा हिशेब टीसीएममध्ये. विहिरींची खोली कोणी परसात (पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात) सांगतो, कोणी फुटात. पहिल्याच पानावर एकके ठरवा: खोली मीटरमध्ये, क्षेत्र हेक्टरमध्ये, पाणी टीसीएममध्ये. मग एकच सूत्र लक्षात ठेवले की पुरते: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी.

पडला तेवढा सगळा आपला

खरी मोठी चूक ही. १००० हेक्टरांच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस झाला की गणित सांगते ५००० टीसीएम. आकडा पाहून छाती फुगते. पण त्यातले बरेचसे पाणी पिके, गवत आणि ऊन घेऊन जाते, काही ओढ्याने वाहून जाते. आपल्या बेसॉल्ट खडकात जिरणारा वाटा थोडा. खडक कसा आहे त्यानुसार पावसाच्या ७ ते १३ टक्के धरण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग याच खडकावर आहे. वाळूसारखे पाणी धरून ठेवणे त्याला जमत नाही. पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात.

ताळा करायला विहिरी आहेतच. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये पाणीपातळी मोजा. समजा सरासरी ३ मीटरने चढली. या खडकात भरलेल्या थरातले जेमतेम २ टक्के पाणी उपसायला मिळते असे धरले, तर १००० हेक्टरांवर ६०० टीसीएम झाले, म्हणजे पावसाच्या १२ टक्के. दोन्ही वाटांनी आलेले आकडे जवळपास जुळले, तर हिशेब मार्गावर आहे. (खरिपात उपसलेले पाणी या ६०० मध्ये येत नाही, ते वेगळे मिळवायचे. डोंगरउताराचे क्षेत्र आधी वजा करायचे.)

बंधाऱ्यांची साठवण क्षमता या आकड्यात पुन्हा मिळवू नका. बंधाऱ्यात जिरलेले पाणी विहिरीच्या पातळीत आधीच मोजले गेलेले असते. जलयुक्त शिवारच्या फलकावरची 'निर्माण झालेली साठवण' आणि यंदा जिरलेले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळाने भरलेल्या बंधाऱ्याची क्षमताही फलकावर अजून तीच असते.

विहीर मोजताना

बंधाऱ्यालगतच्या दोन विहिरी मोजल्या की अहवाल देखणा होतो. निदान पाच-सहा निवडा: ओढ्याकाठची, मळ्यातली, माळावरचीही. बोअर घेऊ नका. बोअर खालच्या थरातल्या दाबाखालच्या पाण्याला लागलेले असू शकते. तिथली पातळी वरच्या भूजलाबद्दल फसवते.

मोजायला पोलादी टेप चांगली. टोकाला एक जड नट बांधा, शेवटच्या मीटरभर खडू घासा आणि कठड्यावर तेलरंगाने केलेल्या खुणेपासून टेप आत सोडा. टेप वर काढली की खडू भिजल्याची रेघ स्पष्ट दिसते. खुणेवरच्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा केली की पातळी मिळाली. दरवेळी खूण तीच हवी. एकदा कठड्यावरून, एकदा जमिनीवरून मोजले तर अडीच-तीन फुटांचा फरक कागदावरच पडतो. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर मोजू नका. पहाटे, पाणी पूर्ववत भरून आल्यावर जा. रात्रपाळीची लाईट असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका.

खर्चाची बाजू

इथे सभेत आवाज खाली येतो. सातबाऱ्यावरून पीकक्षेत्र उचलणे सोपे, पण ई-पीक पाहणी सगळ्यांनी केलेली नसते आणि सगळे बोअरही कागदावर नसतात. शिवारफेरी करा, गटवार लिहा. उसाला वर्षभरात २००० मिलिमीटरच्या पुढे पाणी लागते. पाऊस पूर्ण वजा केला तरी हेक्टरी १५ टीसीएम धरायलाच हवे. वरचे ६०० टीसीएम ४० हेक्टर, म्हणजे साधारण १०० एकर उसात संपतात. तीच पुंजी तीन पाळ्यांच्या रब्बी ज्वारीला जवळपास ३०० हेक्टरांना पुरते. दोन हजार वस्तीच्या गावाला पिण्या-वापरायला माणशी ५५ लिटरने वर्षाला लागतात फक्त ४० टीसीएम. म्हणजे टंचाईत ज्यांची तहान मोजली जाते, त्यांचा ताळेबंदातला वाटा किरकोळ.

हिवरे बाजारने हा हिशेब पीकनिर्णयाला जोडला. पावसाळ्यानंतर ग्रामसभेत ताळेबंद मांडायचा आणि पिके त्यानुसार ठरवायची. सिंचनासाठी बोअरला आणि ऊस, केळी यांना मनाई. मोजणी इतर गावेही करतात, पण त्यापुढचे हे पाऊल क्वचित उचलले जाते.

ठिबकचे क्षेत्र 'बचत' म्हणून जमेला टाकू नका. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर डाळिंब लागले असेल, तर बचत शून्य. अस्तरीकरण केलेले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरले असेल, तर तो सरळ खर्च आहे. अवर्षणप्रवण भागात उघड्या पाण्याची वर्षाला दीड मीटरहून जास्त वाफ होते. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो.

एका वर्षाचे यश

२०१८ मध्ये राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस कोसळत होता. या दोन वर्षांची पातळी शेजारी ठेवली तर कोणतीही योजना यशस्वी ठरते. पातळीची तुलना पाच वर्षांच्या सरासरीशी करा आणि बाजूला त्या वर्षांचा पाऊसही लिहा. पाऊस सरासरीइतका आणि मे महिन्यातली पातळी वर्षागणिक खाली, तर उपसा जास्त आहे.

आकडे जुळत नसतील तर

कागदावर शिल्लक आणि विहिरी कोरड्या: न मोजलेले बोअर शोधा, मग पाइपलाइनने शेजारच्या गावात जाणारे पाणी. कागदावर तूट आणि विहिरी भरलेल्या: वरच्या अंगाला तलाव किंवा कालवा आहे का पाहा. त्याचा पाझर जमेत धरायचा राहिला असेल. आणि पाणलोट गावाच्या शिवेवर थांबत नाही. आपण प्रत्येक ओघळ अडवली आणि खालच्या गावाचा ओढा दिवाळीतच आटू लागला, तर आपल्या शिलकीतला काही भाग त्यांचा आहे. खालच्या गावातली एखादी विहीर आपल्या यादीत घ्या. त्यांची हरकत नसते.

सगळे बरोबर केले तरी तारीख चुकते. ताळेबंद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायचा अनेक ठिकाणी रिवाज झालाय. तोवर पूर्वहंगामी ऊस लागून गुडघ्याला आलेला असतो, गव्हाला पाणी चालू असते. ऑक्टोबरची पातळी घेतल्यावर त्याच पंधरवड्यात, रब्बीची पेरणी आणि उसाची लागण व्हायच्या आत सभा लावा.