पुस्तक न पाठवता परदेशी लेखकाची स्वाक्षरी

परदेशी लेखकाची किंवा चित्रकाराची स्वाक्षरी हवी म्हणून पुस्तकच टपालाने पाठवले, तर खर्च फार होतो आणि प्रत हरवण्याची धास्ती राहते. त्याऐवजी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून शाई न फुटणारा जाड, आम्लमुक्त कागद आणावा, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या दोन कोऱ्या चिठ्ठ्या कापाव्यात आणि त्यांवर स्वाक्षरी करून परत पाठवण्याची विनंती करणारे पत्र व परतीचे पाकीट यांसोबत त्या प्रकाशकाच्या पत्त्यावर, लेखकाच्या नावे पाठवाव्यात. पत्र एका पानाचे असावे. कोणते चित्र किंवा कोणता उतारा आपल्याला आवडला, हे त्यात नेमके लिहावे, कारण माझ्या मते उत्तर येते ते याच ओळींमुळे.

परतीच्या पाकिटावर भारतीय तिकिटे चालत नाहीत. लेखक अमेरिकेत असेल, तर तेथील नातेवाइकाकडून ‘ग्लोबल फॉरेव्हर’ तिकीट मागवून ठेवावे. एक औंसापर्यंतच्या, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमच्या साध्या पत्राला ते कोणत्याही देशासाठी पुरते आणि पुढे दर वाढले तरी चालते. पाकिटावर आपला पुण्याचा पत्ता रोमन लिपीत, पिनकोडसह लिहावा व देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत घालावे.

आलेली चिठ्ठी पुस्तकात चिकटपट्टीने मात्र लावू नये, कारण कालांतराने तिचे पिवळे डाग कागदात उतरतात. मैद्याची पातळ खळ फक्त वरच्या कडेला लावावी.