कच्च्या वाटांसाठी जुनी डबल कॅब पिकअप घेताना: आधी गाडीखाली शिरा

जुन्या डबल कॅबचे फोटो पाहताना नजर आधी जाते ती मोठ्या टायरवर, लोखंडी बंपरवर आणि विंचवर (अडकलेली गाडी दोराने ओढणाऱ्या यंत्रावर). हे सगळं नंतर कधीही बसवता येतं. वाकलेली चासी, पाणी शिरलेला डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) किंवा वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे जाम झालेली लो रेंज (हळू पण जास्त ताकदीने चालवणारे गिअर) यांचा खर्च मात्र गाडीची किंमत पाडून घेतली तरी भरून निघत नाही. म्हणून पाहणी खालून वर करा. आधी चासी, मग चाकांपर्यंत ताकद नेणारे भाग, मग इंजिन, आणि रंग व सीट सर्वांत शेवटी.

गाडी शोधण्याआधी दोन गोष्टी ठरवा. पहिली फोर बाय फोरच्या प्रकाराची. बहुतेक पिकअपमध्ये पार्ट-टाइम पद्धत असते, म्हणजे मधला डिफरन्शियल नसतो आणि फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) फक्त निसरड्या किंवा सैल जमिनीवर वापरायचं असतं. मित्सुबिशी एल२००च्या सुपर सिलेक्ट पद्धतीत मधला डिफरन्शियल असतो, त्यामुळे ओल्या डांबरी रस्त्यावरही चारही चाकं चालवता येतात. पहिल्या पिढीच्या आठ-गिअर ऑटोमॅटिक फोक्सवॅगन अमारोकमध्ये चारही चाकं कायम चालतात, पण लो रेंज नाही. दगडी चढ हळूहळू चढायचे असतील तर ही उणीव मोठी आहे. वाळू-चिखलापुरतंच जायचं असेल तर ती फारशी जाणवणार नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर २०१५च्या एल२००मध्ये ३,००० मिमी, त्याच वर्षीच्या टोयोटा हायलक्समध्ये ३,०८५ मिमी, तर २०११पासूनच्या फोर्ड रेंजरमध्ये ३,२२० मिमी आहे. हे अंतर जितकं जास्त, तितकं उंचवट्यावर गाडीचं पोट लवकर टेकतं. शिवाय मागचा हौदा ॲक्सलच्या बराच मागे येत असल्यामुळे ओढा ओलांडताना मागची टो बार आधी घासते. बारच्या खालच्या कडेवरचे ओरखडे नीट पाहा, गाडी कुठे कुठे गेली आहे ते तिथे दिसतं.

चासी

डबल कॅबमध्ये हौदा साधारण दीड मीटरचा असतो आणि बराचसा माल ॲक्सलच्या वर किंवा मागे येतो. सुमारे १,००० किलोची क्षमता ऐकायला भरपूर वाटते. पण ७५ किलोची पाच माणसं धरली तर ३७५ किलो झाले. बंपर-विंचचे १००, हौद्यावरच्या कॅनपीचे (झाकणाचे) ६०, छतावरच्या तंबूचे ६० आणि पाणी-फ्रिजचे ६० धरा. उरले ३४५ किलो, आणि अजून सामान चढलेलंच नाही. हे न मोजता खड्ड्यांतून वेगाने नेलेली चासी कॅबच्या मागे किंवा मागच्या ॲक्सलजवळ वाकते. पाट्यांना (मागच्या लोखंडी स्प्रिंगला) मदत म्हणून हवा भरलेली बॅग लावली असेल तर आणखी जपून पाहा. पाटा आपलं वजन पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांवर वाटतो, तर बॅग चासीला एकाच ठिकाणी खालून रेटते.

सपाट जागी गाडी उभी करा आणि कॅब व हौदा यांमधली फट बाजूने पाहा. वर-खाली सारखी असायला हवी. वरची फट खालच्यापेक्षा रुंद असेल तर मागची बाजू खाली झुकली आहे. मग खाली शिरून चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर टॉर्च तिरका धरा. वाकलेल्या जागी पत्र्यावर बारीक लाट दिसते, रंगाला आडवे तडे असतात आणि त्या तड्यांतून गंजाची रेघ उतरलेली असते. नवं वेल्डिंग किंवा फक्त तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला तर तो कशासाठी लावला ते विचारा. समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही तर ती गाडी सोडून द्या.

गंजासाठी लहान हातोडीने टक टक करत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला पत्रा बद्द आवाज देतो. पाट्यांचे हँगर, शॉक ॲब्सॉर्बरच्या बैठकी आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे सोडू नका. मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर किंवा समुद्रकाठी चाललेल्या निसान नवारा डी४० मालिकेत चासी आतून गंजून कमकुवत झाल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. ती गाडी पाहताना चासीला अर्धा तास द्या.

ताकद चाकांपर्यंत पोचते का

पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट हाताने ताणून पाहा. घड्यांच्या तळाशी चीर असेल आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असेल, तर जॉइंटमध्ये धूळ गेली आहे. उंची वाढवलेल्या गाडीत शाफ्ट तिरका होतो आणि बूट लवकर फाटतात. चाक जॅकवर उचलून वर-खाली हात धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजला आहे.

विकणारा परवानगी देत असेल तर दोन्ही डिफरन्शियलचा भरणीचा बोल्ट उघडा आणि करंगळीने तेल बाहेर काढा. दुधाळ, फेसाळ तेल म्हणजे आत पाणी. गरम हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर (हवा आत-बाहेर सोडणारी नळी) बंद असेल तर ते सीलमधून पाणी ओढून घेतं. तळाच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मऊ पेस्ट साधारण झीज समजा. बोटाला टोचणाऱ्या कपच्या म्हणजे दात किंवा बेअरिंग तुटतंय.

पाणी कॅबपर्यंत आलं होतं का, हे सीटबेल्ट सांगतो. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. खालच्या भागात चिखलाची फिकट आडवी रेघ राहते, आणि गाडी धुताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. सीटच्या रुळांचे गंजलेले बोल्ट आणि गालिच्याखालचा ओलसर फेस तेच सांगतात.

इंजिन

गाडी थंडच मिळेल असं आधी कळवा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सुरू होताना क्षणभर धूर चालतो. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळतंय, पांढरा धूर आणि कमी होणारा कूलंट एकत्र दिसले तर गास्केट किंवा हेडचा संशय घ्या. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करून नुसतं टेकवून ठेवा. ते जोरात उडू लागलं तर सिलिंडरमधला दाब खाली गळतोय.

धुराचा फिल्टर असलेल्या डिझेलमध्ये डिपस्टिक नीट पाहा. तेल वरच्या खुणेच्याही वर असेल तर फिल्टर साफ करण्याचे प्रयत्न अर्धवट राहून डिझेल तेलात उतरलं असण्याची दाट शक्यता आहे. फक्त छोट्या फेऱ्यांवर वापरलेल्या गाडीत हे बऱ्याचदा होतं.

दोन इंजिनांबद्दल ठाऊक असलेलं बरं. २०१५पूर्वीच्या हायलक्सच्या ३.० लिटर डिझेलमध्ये इंजेक्टरचं सील गळलं की काजळी तेलात मिसळते आणि तळातली जाळी बुजून इंजिनला तेल मिळेनासं होतं. सील बदलल्याची पावती मागा. रेंजरच्या ३.२ लिटर पाच-सिलिंडर इंजिनात तेल काढल्यावर दहा मिनिटांच्या आत नवं भरावं लागतं, नाहीतर पंपातलं तेल उतरून जातं आणि सुरू केल्यावर दाबच तयार होत नाही. तिथे सर्व्हिस कुणी केली हे किलोमीटरपेक्षा महत्त्वाचं.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा साधा स्कॅनरही सोबत न्या. कोड एकही नाही पण स्वयंतपासणी अपूर्ण दिसत असेल, तर कोड नुकतेच पुसले गेले आहेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती.

चालवून पाहणे

डांबरी रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ६०च्या वेगाने एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण वेग जागेवर राहिला तर क्लच घसरतोय. जागेवरून निघताना खालून थरथर जाणवली तर मागच्या शाफ्टच्या मधल्या बेअरिंगकडे पाहा. पाटे उंच केल्यामुळे शाफ्टचा कोन बिघडला तरी हेच होतं.

फोर बाय फोर तपासायला खडी किंवा मातीच लागते. ती नसेल तर दुसरी वेळ ठरवा, पण हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. फोर-हाय लावा, दिवा लुकलुकून स्थिर व्हायला हवा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा. गाडी अडखळली आणि पुढची चाकं खडी ओरखडत गेली तर पुढे खरंच ताकद जातेय. काहीच फरक जाणवला नाही तर पुढचा ॲक्सल जोडणारा ॲक्च्युएटर अडकला असावा. मग थांबून न्यूट्रलमध्ये फोर-लो (लो रेंज) लावा. क्लच सोडल्यावर ॲक्सिलरेटर न देता गाडी चढावर रांगत जायला हवी. मागचा लॉकर (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय) असेल तर तोही लावून वळा, आतल्या चाकाने खडीत घसरल्याची स्पष्ट रेघ सोडली पाहिजे.

मोठे टायर असतील तर गणित करा. २६५/६५ आर१७चा व्यास सुमारे ७७६ मिमी, २८५/७० आर१७चा ८३१ मिमी. जमिनीपासूनची उंची फक्त २७ मिमी वाढते, पण स्पीडोमीटर ७ टक्के कमी दाखवतो आणि प्रत्येक गिअर तितकाच जड होतो. मूळ मापाचे टायर आणि न बदललेलं सस्पेन्शन असलेली साधी गाडी मिळत असेल तर तीच घ्या, वाचलेले पैसे चांगल्या टायरवर लावा.

गाडी घरी आली की इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल यांचं तेल एकदमच बदला. ब्रीदरच्या नळ्या मोकळ्या करून शक्य तितक्या वर बांधा. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे आणि तो बदलल्याची पावती नाही, तिथे पहिल्या फेरीआधीच तो बदला. पाट्यांचे यू-बोल्ट कुणी सोडवले असतील तर पहिल्या ५०० किमीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.