शेपूट हलवायलंय म्हणजे खूशच आहे असं नाही बरं

एप्रिल-मे मधे आमच्या परभणीत पारा ४२च्या पुढं गेला की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, आमचं कुत्रं उगंच चिडचिड करायलंय, काय करावं?

आधी त्याचं अंग बघा, नुसती शेपूट नाही. कंबरेपासून सगळं वळवळतंय, अंग सैल आहे तर गडी खूश. शेपूट वर ताठ, बारीक बारीक हलायलीय अन् अंग लाकडासारखं झालंय, तर हात लावू नका. झोप नसताना जांभया, काही खाल्लं नसताना सारखं ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्याचं पांढरं दाखवणं, म्हणजे त्याला नकोय. पाहुण्यांची लेकरं गळ्यात पडतात तेव्हा ते हे सगळं करत असतं, कुणाचं लक्ष नसतं, मग गुरगुरतं अन् आपण त्यालाच रट्टा देतो. तो रट्टा देऊच नका. त्यानं गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहती, अन् पुढच्या वेळी डायरेक्ट चावतं.

मग ऊन. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांतून थोडाफार येतो, बाकी सगळा कारभार धापा टाकूनच. फिरवायचं ते सकाळी उन्हाच्या आधी नाहीतर दिवस मावळल्यावर. डांबरावर उलटा हात ७ सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर घरी चला. चपट्या नाकाच्या पगला तर जास्तच जपा. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, झोकांड्या जायला लागल्या तर साधं गार पाणी अंगावर ओता, फॅन लावा अन् लगेच डॉक्टरकडं पळा.

दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकणारच. त्यात लातूरकडचं कारवान असेल तर बोलायलाच नको, पळण्यासाठीच जन्मलेली जात ती. फिरताना ओढू नका, हुंगू द्या, हुंगण्यातच निम्मं दमतं. भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला लावा. पण उरलेलं कालवण नको, कांदा-लसणानं त्याच्या रक्ताला बाधा होती. चॉकलेट, बेदाणेही नको.

अन् शांत कुत्रं अचानक चिडकं झालं तर ट्रेनर शोधण्याआधी कान अन् बोटांच्या बेचक्या बघा. आमचं डोक्याला हात लावू देईना, आम्ही आठ दिवस म्हणत होतो माजलंय, निघाली काय तर कानात गोचीड.