पेनसिल्व्हेनियाचा निकाल वही-पेन्सिल घेऊन कसा वाचावा

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनला राहून मला बावीस वर्षं झाली. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यू जर्सी लागतं. तिथे माझी मैत्रीण राहते. ऑक्टोबरात तिच्या टपालपेटीत विजेचं बिल येतं, माझ्या पेटीत एकाच दिवशी नऊ प्रचारपत्रकं आली होती. मी मोजली. न्यू जर्सीने १९८८ नंतर अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही, म्हणून तिच्या दारात कुणी फिरकत नाही. आमची बेल मात्र शनिवारी दुपारी झोपू देत नाही.

पेशाने मी हिशेबनीस. निकालाच्या रात्री आमचे हे टीव्हीपुढे बसतात, मी वही घेऊन बसते. ही सवय मला २०२० ने लावली. ३ नोव्हेंबरच्या मंगळवारी मध्यरात्र उलटून गेली तेव्हा ट्रम्प राज्यात साडेसहा लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. मी मैत्रिणीला "संपलं" एवढा एक शब्द पाठवला आणि झोपले. बाजारात तुरी, दुसरं काय! शुक्रवारी सकाळी बायडन पुढे गेले, शनिवारी वृत्तसंस्थांनी त्यांना विजयी ठरवलं आणि शेवटचा फरक निघाला ८०,५५५. मैत्रीण अजूनही वर्षातून एकदा तरी ते "संपलं" मला ऐकवते. त्या रात्री मी 'कोण किती पुढे' एवढाच रकाना वाचत होते. वाचायला हवा होता तो पुढचा रकाना: किती मतं मोजायची राहिली आहेत, कुठली, आणि कशी टाकलेली.

तर वही आदल्या रविवारीच तयार करा. निकालाच्या रात्री जुने आकडे शोधायला बसलात तर नवे हातातून निसटतात. राज्यात ६७ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, त्या सगळ्या लिहायच्या नादी लागू नका. मी दहा लिहिते: फिलाडेल्फिया, तिच्याभोवतीच्या बक्स, चेस्टर, डेलावेअर आणि माँटगोमेरी, पिट्सबर्गची अ‍ॅलेगेनी, स्क्रँटनची लॅकवॉना, तिला लागून असलेली लुझर्न, आणि इरी नि नॉर्थॅम्प्टन. प्रत्येकीपुढे २०१६, २०२० आणि २०२४ चे रकाने. त्यात टक्के लिहू नका, दोन उमेदवारांतल्या मतांचा फरक लिहा. टक्के फसवतात. छोट्या डोंगराळ काउंटीतली ५० टक्क्यांची आघाडी चार-पाच हजार मतांची असू शकते, आणि माँटगोमेरीत नुसते दोन टक्के हलले तरी दहा हजार मतं इकडची तिकडे होतात. राज्यभर साधारण ७० लाख मतं पडतात आणि निकाल लागतो तो हजारांत: २०१६ मध्ये ट्रम्प ४४,२९२ मतांनी जिंकले, २०२० मध्ये बायडन ८०,५५५ नी, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प १,२०,२६६ नी. या तीन आकड्यांवर २०१६ आणि २०२० ला वीस-वीस, तर २०२४ ला एकोणीस इलेक्टोरल मतं (ज्यांच्या बेरजेवर अध्यक्ष ठरतो ती राज्याची मतं) एकगठ्ठा इकडून तिकडे गेली. (२०२० च्या जनगणनेनंतर आमचं एक मत कमी झालं.)

हे रकाने भरताना एक गंमत दिसते, ती टीव्हीवर कुणी नीट सांगत नाही. सगळ्यांचं लक्ष फिलाडेल्फियावर असतं. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना त्या शहराने सुमारे ४ लाख ७५ हजारांची आघाडी दिली आणि तरी राज्य त्या हरल्या. २०२० मध्ये बायडन यांची आघाडी तिथे ४ लाख ७१ हजार, म्हणजे थोडी कमीच, आणि ते राज्य जिंकले. मग पारडं फिरलं कुठे? उपनगरांत. एकट्या माँटगोमेरीतली डेमोक्रॅटिक आघाडी ९३ हजारांवरून १ लाख ३४ हजारांवर गेली. राज्यात एकूण सव्वा लाखाचा फरक पलटला, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा या एका काउंटीचा. म्हणून रात्री फिलाडेल्फियाचा आकडा पाहिला की मी विचारते, 'गेल्या वेळेपेक्षा कमी की जास्त?', आणि लगेच माँटगोमेरीच्या ओळीवर बोट ठेवते.

लुझर्नची ओळ उलट्या बाजूची. ओबामांना २०१२ मध्ये निवडणाऱ्या या जुन्या कोळसापट्ट्याने २०१६ मध्ये ट्रम्प यांना २६ हजारांची आघाडी दिली. राज्यातल्या ४४ हजारांपैकी निम्म्याहून जास्त! २०२० मध्ये तीच आघाडी २२ हजारांच्या आसपास होती. रिपब्लिकन उमेदवाराला तिथे वीस हजारांच्या वर मिळतात की खाली, हे मी रात्री साडेदहाच्या सुमाराला बघते.

इरी आणि आमची नॉर्थॅम्प्टन या बातमीदारांच्या लाडक्या काउंट्या. २०२० मध्ये ट्रम्पकडून बायडनकडे वळल्या त्या राज्यात याच दोन, आणि २०२४ मध्ये दोघी परत फिरल्या. आमच्या बेथलेहेममध्ये आणि ईस्टनच्या चौकात कॅमेरे घेऊन लोक फिरत असतात, दुकानात शिरलं की कुणीतरी 'तुम्हाला काय वाटतं' विचारतं. मान मिळतो, नाकारायचा कशाला. पण हिशेबात या दोन्हींचं वजन किती? २०२० मध्ये इरीत फरक दीड हजाराच्या आत होता, आमच्याकडे सव्वा हजारांच्या आसपास. वारा कुठला हे कळायला त्या चांगल्या, निकाल ठरवायला नव्हेत. २०२४ मध्ये बक्सही १९८८ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली, तीनशेच्या आतल्या मतांनी.

आता मोजणीची चाल. इथे बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती.

पेनसिल्व्हेनियात कुठलंही कारण न देता टपालाने मत देता येतं, पण २०१९ च्या अ‍ॅक्ट ७७ नंतर. २०२० मध्ये कोविडमुळे सुमारे २६ लाख मतं टपालाने आली. कायद्याने त्यांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत उघडताच येत नाहीत. आधी बाहेरचं पाकीट, त्यावर मतदाराची सही आणि तारीख. आत बिननावाचं दुसरं पाकीट. त्याच्या आत घडी घातलेली मतपत्रिका. आतलं पाकीट नसेल तर मत बाद. हे सगळं हाताने उघडायचं, सरळ करायचं, यंत्रात घालायचं. फ्लोरिडात हे काम कित्येक दिवस आधी सुरू होतं, आमच्या विधिमंडळात तसा बदल दरवेळी कुठेतरी अडकतो. त्यातच २०२० मध्ये काही काउंट्यांनी टपाली मतांना हात लावला तोच मुळी बुधवारी. आणि ही २६ लाख मतं दोन्हीकडे सारखी वाटलेली नव्हती. चारातली तीन बायडन यांची होती, कारण ट्रम्प आपल्या मतदारांना टपालापासून दूर राहायला सांगत होते. केंद्रावर जाऊन दिलेली मतं आधी मोजली गेली, म्हणून मंगळवारी रात्रीची ती साडेसहा लाखांची आघाडी. इथले लोक तिला लाल मृगजळ म्हणतात, लाल हा रिपब्लिकनांचा रंग. शब्द चपखल आहे. मी त्यातलंच पाणी प्यायला गेले होते.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. २०२२ च्या अ‍ॅक्ट ८८ खाली जी काउंटी राज्याचं अनुदान घेते तिला सकाळी सातला मोजणी सुरू करून ती न थांबवता पुरी करावी लागते, शिवाय किती टपाली मतं आली तो आकडा मध्यरात्रीनंतर लगेच जाहीर करावा लागतो. आणि २०२४ पर्यंत रिपब्लिकन पक्षही आपल्या लोकांना टपालाने मत द्या म्हणायला लागला. परिणाम असा की २०२४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने राज्याचा निकाल बुधवारी पहाटे अडीचच्या आत सांगून टाकला. मोजणी चार दिवस चालेल या तयारीने भरलेली वही मला एका रात्रीत मिटावी लागली.

म्हणून रात्रीचा अंदाज असा धरा. आठला मतदान संपतं (रांगेत उभा असलेला प्रत्येक जण मत देतो, तेव्हा काही केंद्रं नऊपर्यंतही चालतात). आठ वाजून गेल्यावर येणारे पहिले आकडे दिवसभरात उघडून ठेवलेल्या टपाली मतांचे, त्यात डेमोक्रॅट भरपूर पुढे दिसतात. त्यावर नाचू नका. नऊनंतर केंद्रांवरची मतं यायला लागतात, आघाडी वितळते, बऱ्याचदा पलटते. त्यावर रडू नका. शेवटी मोठ्या काउंट्यांतली उरलेली टपाली मतं. एका निवडणुकीत मी केंद्रावर कामाला होते. पहाटे साडेपाचला घर सोडलं, रात्री यंत्रातून निघालेल्या लांबलचक पट्टीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि तिची एक प्रत दारावर चिकटवली. तिथे आलेला शेजारी दोन मिनिटं वाचून म्हणाला, "हे तर टीव्हीपेक्षा वेगळंच आहे." वेगळं असणारच, त्या पट्टीत टपालाचं एकही मत नव्हतं.

टीव्हीऐवजी राज्याच्या निवडणूक खात्याचं निकालाचं संकेतस्थळ उघडून ठेवा. तिथे प्रत्येक काउंटीची केंद्रावरची, टपालाची आणि प्रोव्हिजनल (आधी तपासून मग मोजायची) मतं वेगवेगळी दिसतात. हाच तो पुढचा रकाना.

आणि मग एक छोटं गणित. मागे असलेल्या उमेदवाराचा फरक घ्या, त्याला उरलेल्या मतांनी भागा, आलेल्याचं निम्मं करा आणि ५० टक्क्यांत मिळवा. समजा उमेदवार ६० हजारांनी मागे आहे आणि २ लाख मतं उरली आहेत. भागाकार ३० टक्के, निम्मे १५, म्हणजे त्याला उरलेल्या मतांपैकी ६५ टक्के हवीत. ताळा करून बघा: १ लाख ३० हजार वजा ७० हजार, बरोबर ६० हजार. (किरकोळ उमेदवारांची मतं मी सोडून देते, रात्रीच्या हिशेबाला चालतं.) आता ही २ लाख मतं कुठली? फिलाडेल्फियाची टपाली असतील तर डेमोक्रॅटला ६५ टक्के म्हणजे हातचा मळ. लँकेस्टर काउंटीतल्या केंद्रांवरची असतील तर त्याने झोपायला हरकत नाही. मिश्र असतील तर काउंटीवार वेगळी ओळ घाला, सरासरी काढून मोकळे होऊ नका. २०२० च्या बुधवारी सकाळी मी हे गणित केलं असतं तर दोन दिवस आधीच शहाणी झाले असते.

पडद्याच्या कोपऱ्यात '९५ टक्के मोजणी पूर्ण' असं दिसतं, त्यावर फार विसंबू नका. एकूण मतं किती हा अंदाज असतो. मतं जास्त निघाली की ९५ चे ९३ होतात आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी काळंबेरं आहे. काळंबेरं काही नसतं, छेद बदललेला असतो.

वृत्तसंस्थेने विजेता सांगितला म्हणजे कायद्याने काही घडलं असं नाही. फरक एकूण मतांच्या अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे साधारण ३५ हजारांच्या आत असेल तर राज्यात आपोआप फेरमोजणी लागते. २०२४ ला सिनेटच्या जागेचं तसंच झालं. ७ नोव्हेंबरला असोसिएटेड प्रेसने रिपब्लिकन मॅककॉर्मिक यांना विजयी म्हटलं, तरी फेरमोजणी सुरू झाली, आणि २१ तारखेला डेमोक्रॅट केसी यांनी हार मान्य केली. फेरमोजणीत इकडेतिकडे होतात ती मतं थोडी. हजारोंनी मागे असलेल्याने तिच्यावर आशा ठेवू नये.

मतदानानंतरच्या आठवड्यातही वही उघडीच ठेवा. परदेशातल्या सैनिकांची मतं सात दिवसांपर्यंत येतात. प्रोव्हिजनल मतंही तपासून मोजायची असतात, ती मुख्यतः अशा लोकांची की ज्यांनी टपाली मतपत्रिका मागवली आणि ती बरोबर न घेताच केंद्रावर आले. मग तिसऱ्या सोमवारपर्यंत काउंट्या आपापले आकडे प्रमाणित करतात, नंतर राज्य. २०२० मध्ये राज्याने २४ नोव्हेंबरला सही केली.

त्या दिवशी मी पेन्सिलीचे आकडे खोडून पेनाने लिहिते. बक्सच्या ओळीत तेवढी पेन्सिल राहू दिली आहे.